जॉनी ग्रीनवुड : गाण्याला हवे ते वाद्य हाती घेणारा गिटारवादक

खर्ज_परळ

मराठीत रॉक संगीताविषयी लिहिले जाते तेव्हा ते बहुतेक वेळा गायकाविषयीच असते. गिटारवादकाचा उल्लेख आलाच तर त्याची बोटे किती वेगाने पळतात याचे कौतुक होते आणि विषय संपतो. रेडिओहेड या इंग्लिश बँडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवुड याच्याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते, कारण त्याची कारकीर्द या मोजपट्टीत बसतच नाही. गाण्याला काय हवे आहे ते हा माणूस आधी ऐकतो आणि ते कोणत्या वाद्यातून काढायचे ते मागाहून ठरवतो. ते वाद्य गिटार असेल तर गिटार, नाही तर गिटार खाली ठेवून तो दुसरे वाद्य हाती घेतो आणि ते येत नसेल तर शिकतो. लोक त्याला प्रायोगिक म्हणतात ते गोंगाट आणि मोडतोड यांच्यामुळे. माझ्या मते त्याचा खरा प्रयोग या ऐकण्यात आहे, आणि तंबोऱ्याच्या सोबतीने गाणे ऐकत वाढलेल्या श्रोत्याला तो सहज उमगावा.

ग्रीनवुडचा जन्म ५ नोव्हेंबर १९७१ रोजी ऑक्सफर्डमध्ये झाला. लहानपणी तो रेकॉर्डर हे बासरीसारखे वाद्य वाजवत असे, पुढे व्हायोला, म्हणजे व्हायोलिनपेक्षा जरा मोठे तंतुवाद्य, शिकला. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन शाळेत गायक थॉम यॉर्क, एड ओब्रायन, फिल सेल्वे आणि जॉनीचा थोरला भाऊ कॉलिन यांनी बँड काढला होता. शुक्रवारी सराव होत असे म्हणून त्याचे नाव ‘ऑन अ फ्रायडे’. जॉनी या सर्वांत लहान होता. आधी तो हार्मोनिका घेऊन मागे लागला आणि मग त्याला कीबोर्डवर बसायला मिळाले. पुढचा किस्सा त्याने स्वतः मुलाखतीत सांगितला आहे. आधीचा कीबोर्डवादक फार मोठ्याने वाजवतो अशी बँडमध्ये तक्रार होती, म्हणून जॉनीने कित्येक महिने कीबोर्डचा आवाज पूर्ण बंद ठेवून नुसती बोटे फिरवली. इतरांना वाटायचे की नीट ऐकू येत नसले तरी हा मुलगा काहीतरी छान भर घालतो आहे. रोज घरी जाऊन तो त्या गाण्यांचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, बसवत असे आणि ते हाताखाली आल्यावर त्याने आवाज हळूहळू वाढवला. आपल्याकडे शिष्य गुरूच्या मागे तंबोरा धरून वर्षानुवर्षे बसतो, तसेच हे बसणे होते असे मला वाटते.

१९९१ मध्ये ईएमआय कंपनीने या मुलांशी करार केला तेव्हा जॉनी ऑक्सफर्डच्या पॉलिटेक्निकमध्ये नुकताच दाखल झाला होता. काही आठवड्यांतच त्याने शिक्षण सोडले. बँडचे नाव बदलून रेडिओहेड झाले आणि १९९२ मध्ये ‘क्रीप’ हे गाणे आले. मुंबईत केबल नवी नवी होती तेव्हा आमच्या पिढीने ते एमटीव्हीवर पाहिले. त्या गाण्यात ध्रुवपदाच्या अगदी आधी गिटारचे जे कर्कश घाव पडतात ते ग्रीनवुडचे आहेत. गाणे त्याला फार मवाळ वाटत होते, म्हणून त्याने तारा दाबून जोराने खरडल्या, आणि त्याच खरडण्यामुळे गाणे लोकांच्या लक्षात राहिले. ते घाव लक्ष देऊन ऐकल्यास असे दिसते की त्यांत सूर जवळजवळ नाही. बंद तारांचा नुसता ठोका आहे, म्हणजे गिटारकडून त्याने तालवाद्याचे काम करून घेतले आहे. सर्व गाणे चार कॉर्डांवर गोल फिरत असताना त्या वर्तुळाला जो धक्का हवा होता, तो त्याने नेमक्या जागी दिला.

१९९५ च्या ‘द बेंड्स’ या अल्बममध्ये हा मुलगा नुसता रागावून वाजवत नाही, त्याला स्वरांचे शास्त्रही येते, हे स्पष्ट झाले. ‘जस्ट’ या गाण्यातला गिटारचा चढता तुकडा अष्टस्वरी सप्तकावर बेतलेला आहे. हे सप्तक पूर्ण आणि अर्ध्या अंतरांच्या आलटून पालटून मांडणीने बनते. रॉक गिटारवादक सहसा पाच सुरांच्या पेंटॅटॉनिकमधून बाहेर पडत नाहीत, त्यामुळे हा तुकडा सप्तकामागून सप्तक ओलांडत वर जातो तेव्हा पायाखालची जमीन सरकल्यासारखे वाटते. या काळात तो इतक्या आवेशाने वाजवत असे की मनगट दुखावले आणि हातावर पट्टा बांधून रंगमंचावर यावे लागले.

‘ओके कॉम्प्युटर’ १९९७ मध्ये आला. त्यातल्या ‘क्लाइंबिंग अप द वॉल्स’च्या अखेरीस जी तंतुवाद्ये चिरकत येतात ती सोळा आहेत आणि ती एकमेकींपासून पाव-पाव स्वराच्या अंतरावर वाजतात. ही कल्पना पोलिश संगीतकार क्रिस्तोफ पेंडेरेत्स्की याच्यापासून आली. त्याने १९६० मध्ये ५२ तंतुवाद्यांसाठी लिहिलेली आणि पुढे हिरोशिमाच्या बळींना अर्पण केलेली रचना ग्रीनवुडच्या डोक्यात घर करून बसली होती. रॉकच्या अल्बममध्ये तंतुवाद्ये येतात ती बहुतेक वेळा गोडवा वाढवायला. इथे ती भीती निर्माण करायला आली, आणि ती लिहिली बँडच्याच गिटारवादकाने.

आता ज्या भागासाठी मी हा धागा काढला त्याकडे येतो. २००० साली ‘किड ए’ आला तेव्हा रेडिओहेडने गिटार जवळजवळ बाजूला ठेवली. ज्याची ओळखच गिटारवादक अशी आहे त्याने अशा वेळी काय करावे? ग्रीनवुडने ओंद मार्तनो हे फ्रेंच विद्युतवाद्य घेतले. मॉरिस मार्तनो याने ते १९२८ मध्ये लोकांसमोर आणले. त्याला पियानोसारख्या पट्ट्या असतात, परंतु पट्ट्यांच्या पुढे एक तार ताणलेली असते आणि वादक तर्जनीत अडकवलेली अंगठी त्या तारेबरोबर डावी-उजवीकडे सरकवतो. बोट सरकेल तसा सूर अखंड सरकतो. डाव्या हाताखाली एक खुंटी असते, ती जितकी दाबावी तितका आवाज वाढतो आणि सोडली की विरतो. म्हणजे उजव्या हातात मींड आणि डाव्या हातात श्वास. हार्मोनियमला जे कधीच साधत नाही ते हे वाद्य पट्ट्या असूनही साधते. ‘हाऊ टू डिसअपिअर कम्प्लीटली’ या गाण्यात ग्रीनवुडने त्याचे थर एकावर एक रचले आणि खाली वाद्यवृंदासाठी स्वतः स्वरलेखन केले. ते वादन डॉर्चेस्टरच्या जुन्या मठातल्या चर्चमध्ये मुद्रित झाले.

या वाद्याची ओढ त्याला शाळकरी वयात लागली, ऑलिव्हिए मेसियाँ याची ‘तुरंगलीला’ सिम्फनी ऐकून. मेसियाँने ती १९४६ ते १९४८ या काळात लिहिली आणि तीत ओंद मार्तनो ठळकपणे वापरले. मेसियाँने लयीचा जो अभ्यास केला होता त्याचा एक मोठा आधार होता शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त दिलेले १२० देशी ताल. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने हा ग्रंथ यादवांच्या देवगिरीत बसून लिहिला. दौलताबादच्या किल्ल्याच्या पायथ्याशी लिहिलेली तालांची यादी पॅरिसच्या एका संगीतकाराच्या हाती पडते, त्याच्या सिम्फनीत उतरते आणि ती सिम्फनी ऑक्सफर्डजवळच्या शाळेतला एक मुलगा ऐकतो. ग्रीनवुड देशी ताल वाजवतो असा याचा अर्थ मुळीच नाही. तरीही हा प्रवास माझ्यासारख्याला फार आनंद देतो आणि तो मराठीत नोंदवून ठेवावासा वाटतो.

‘किड ए’मधल्याच ‘इडियोटेक’ या गाण्याची जन्मकथाही सांगायला हवी. ग्रीनवुडने सिंथेसायझर आणि रेडिओचे आवाज यांच्याशी खेळत सुमारे पन्नास मिनिटांचे मुद्रण केले आणि ते यॉर्ककडे दिले. त्यात पॉल लान्स्की या अमेरिकी संगीतकाराच्या १९७३ मधल्या संगणकरचनेचा एक तुकडा होता. यॉर्कला त्यातला अगदी थोडका भाग भावला आणि त्यावर गाणे उभे राहिले. उरलेले सगळे बाजूला पडले याची ग्रीनवुडला खंत वाटल्याचे माझ्या वाचनात कुठे आले नाही.

पुढची वाटचाल अनेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. २००३ मध्ये ‘बॉडीसाँग’ या माहितीपटाचे संगीत, मग बीबीसी कॉन्सर्ट ऑर्केस्ट्राचा निवासी संगीतकार म्हणून नेमणूक, त्यातून २००५ मध्ये ‘पॉपकॉर्न सुपरहेट रिसीव्हर’ ही तंतुवाद्यांची रचना, आणि ती ऐकून दिग्दर्शक पॉल टॉमस अँडरसन याच्याशी जुळलेले नाते. ‘देअर विल बी ब्लड’पासून सुरू झालेली ही जोडी ‘द मास्टर’, ‘इन्हेरंट व्हाइस’, ‘फँटम थ्रेड’, ‘लिकरिश पिझ्झा’ अशी चालत आली आणि २०२५ च्या ‘वन बॅटल आफ्टर अनदर’पर्यंत टिकून आहे. दरम्यान ‘इन रेनबोज’, ‘अ मून शेप्ड पूल’ हे रेडिओहेडचे अल्बम झाले आणि २०२२ पासून यॉर्क व ड्रमवादक टॉम स्किनर यांच्यासोबत ‘द स्माइल’ या त्रिकुटाचे तीन अल्बम आले. या त्रिकुटात त्याने गिटार पुन्हा मनापासून हातात घेतली आहे.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः जोधपूरमध्ये झालेल्या ‘जुनून’ या अल्बमविषयी मी मुद्दाम लिहिलेले नाही, त्यावर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

सोल्डरिंग_गन

लेख आवडला. आमच्यासारखी वाद्यांच्या तांत्रिक बाजूत रमणारी माणसे ग्रीनवुडकडे वळली ती त्याच्या पेडलांमुळे, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या, पायाने चालवायच्या उपकरणांमुळे, म्हणून त्याविषयी थोडे लिहितो. सुरुवातीच्या काळात त्याची मुख्य गिटार फेंडर टेलिकास्टर प्लस होती, तिच्यात नेहमीच्या टेलिकास्टरपेक्षा वेगळे, लेस सेन्सर जातीचे पिकअप (तारांचे कंपन विजेच्या संदेशात बदलणारे भाग) असत. डिस्टॉर्शनसाठी, म्हणजे आवाज फाडण्यासाठी, मार्शलचे श्रेडमास्टर आणि सूर एकदम सप्तकभर वर फेकण्यासाठी डिजिटेकचे व्हॅमी. ‘माय आयर्न लंग’ची सुरुवात ऐकली की व्हॅमी म्हणजे काय ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पायाखालच्या पाट्याने तो एकच तुकडा मूळ सुरात आणि वरच्या सप्तकात आळीपाळीने टाकतो, आणि गिटार एखाद्या बिघडलेल्या खेळण्यासारखी बोलू लागते.

नव्वदच्या दशकात मुंबईत असे पेडल धोबीतलावच्या दुकानांत क्वचित दिसायचे आणि दिसले तरी किंमत विचारायची सोय नसे. लॅमिंग्टन रोडवरून ट्रान्झिस्टर, डायोड, कपॅसिटर आणि व्हेरोबोर्ड आणून आम्ही डिस्टॉर्शनची सर्किटे घरीच जोडत असू. त्या जोडणीतून एक गोष्ट शिकलो. डायोड लहरीची टोके कापतो आणि त्या कापण्यातून जे नवे स्वरांश जन्माला येतात, त्यांनाच आपण डिस्टॉर्शन म्हणतो. ग्रीनवुड हे जाणून वापरतो. डिस्टॉर्शन लावून तो सबंध कॉर्ड फारसे वाजवत नाही, दोन-तीन तारांवरच काम भागवतो, त्यामुळे त्याचा आवाज कितीही फाटला तरी सूर ओळखू येतो. शिवाय त्याच्या टेलिकास्टरवर आवाज क्षणभर तोडणारे एक बटण आहे. तार वाजती ठेवून बटण दाबत राहिले की सुराचे तुकडे पडतात.

पुढे त्याने पेडलही पुरेसे नाहीत म्हणून मॅक्स या संगणकप्रणालीत स्वतः प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली. ‘द किंग ऑफ लिंब्स’च्या वेळी बँडने वाजवलेले तुकडे पकडून त्यांची पुन्हा गुंफण करणारी प्रणाली त्याची स्वतःची होती. धागाकर्ते म्हणतात तसे, हवे ते वाद्य मिळाले नाही तर ते तयार करण्यापर्यंत या गृहस्थाची मजल जाते.

मंद्रसप्तक

लेख उत्तम आहे, पण पाव स्वरांविषयी वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून लिहिते. पेंडेरेत्स्कीचे पाव स्वर आणि आपल्या श्रुती, म्हणजे सप्तकातले सूक्ष्म स्वरभेद, यांचा काही संबंध नाही. आपल्याकडे दरबारीचा कोमल गंधार उतरलेला आणि आंदोलित असतो, तो त्या रागाच्या चलनामुळे आणि षड्जाशी असलेल्या नात्यामुळे. एकच श्रुती एका रागात अमृत आणि दुसऱ्यात बेसूर ठरते. पेंडेरेत्स्कीच्या रचनेत षड्जच नाही. तिथे अनेक वादक एकमेकांना खेटून असलेले सूर एकाच वेळी धरतात आणि त्यातून सुरांचा एक जाड पट्टा तयार होतो. कान एकेक सूर वेगळा करू शकत नाही, आणि संगीतकाराला नेमके तेच हवे असते. आमच्या पिढीतले काही उत्साही लोक पाश्चात्त्य संगीतात कुठे पाव स्वर दिसला की श्रुतींचा झेंडा रोवायला धावतात. इथे तसे होऊ नये.

खर्ज_परळ

मंद्रसप्तक ताई, तुमच्याशी पूर्ण सहमत आहे, आणि श्रुतींचा उल्लेख मी याच कारणाने टाळला होता. तुमच्या प्रतिसादामुळे एक मुद्दा पुढे नेता येतो. ग्रीनवुडच्या स्वतःच्या रचनांत पेंडेरेत्स्कीचा प्रभाव ओसरत गेला आणि एक धरलेला सूर, ज्याला आपण आधारस्वर म्हणू, तो वाढत गेला. २०१४ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियन चेंबर ऑर्केस्ट्रासाठी ‘वॉटर’ ही रचना लिहिली. तीत तंतुवाद्ये, बासऱ्या, पियानो यांच्यासोबत प्रत्यक्ष तंबोरा आहे. वाद्यवृंदात तंबोरा आणणे म्हणजे रंगत म्हणून एक परदेशी आवाज मिसळणे, असे अनेकदा होते. या रचनेत तंबोऱ्यातून फुटणारे वरचे स्वरांश, म्हणजे जवारीमुळे (तारेखालच्या घोडीच्या खास घडणीमुळे) जे ऐकू येतात ते, तंतुवाद्ये उचलतात आणि पसरवतात. जवारी लागलेला तंबोरा ज्याने जवळून ऐकला आहे त्यालाच हे सुचू शकते.

पेंडेरेत्स्कीशीही त्याचे नाते नुसत्या प्रभावापुरते राहिले नाही. पोलंडमध्ये दोघांच्या रचना एकाच मैफलीत सादर झाल्या आणि २०१२ मध्ये दोघांचा एकत्र अल्बम निघाला. ज्याच्या रचना वर्षानुवर्षे ऐकल्या त्या ज्येष्ठ संगीतकाराशेजारी आपली रचना ठेवण्याची वेळ येणे, हे भाग्य किती गिटारवादकांच्या वाट्याला आले असेल!

गिरगावातला_अनंत

मला रेडिओहेडचे फारसे काही ठाऊक नव्हते. या धाग्यामुळे दोन दिवस ऐकले आणि एक गोष्ट जाणवली ती मांडतो. बँडमध्ये ग्रीनवुड जे काम करतो त्याला मुंबईत आपण अरेंजर म्हणत आलो आहोत. हिंदी चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळात चाल संगीतकाराची असे आणि ती वाद्यवृंदासाठी कागदावर उतरवणारे बहुतेक गोव्याकडचे वादक असत. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली मोठी नावे. अँथनी गोन्साल्विस यांनी तर १९५८ मध्ये स्वतःचा वाद्यवृंद उभारून राग आणि पाश्चात्त्य स्वरमेळ यांना एकत्र आणण्याचा प्रयत्न केला होता, आणि तोही आपल्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात. तो फार काळ टिकला नाही. व्हायोलिन वाजवणाऱ्या माणसाने चित्रपटाच्या स्टुडिओतून बाहेर पडून स्वतःचे स्वरलेखन लोकांसमोर ठेवावे, याला त्या काळात आश्रय मिळाला नाही. ग्रीनवुडला बीबीसीने निवासी संगीतकार म्हणून बोलावले, वाद्यवृंद हाताशी दिला आणि चुका करायला वेळ दिला. गुणवत्ता आपल्याकडेही होती हे अशा वेळी फार टोचते.

अक्षता_माहीम

‘जुनून’विषयी कोणी लिहीत नाही, म्हणून मीच लिहिते. २०१५ च्या सुरुवातीला ग्रीनवुड, शाय बेन त्झूर हा इस्रायली संगीतकार, रेडिओहेडचा निर्माता नायजेल गॉड्रिच आणि राजस्थानी वादक-गायकांचा मोठा ताफा जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात सुमारे तीन आठवडे राहिला आणि तिथेच तात्पुरता स्टुडिओ मांडून अल्बम मुद्रित झाला. पॉल टॉमस अँडरसनने त्यावर छोटा माहितीपट केला. मी तो आधी संशयानेच पाहिला. परदेशी रॉकवाले येऊन किल्ल्यात गालिचे अंथरतात, सारंगी आणि ढोलक मागे वाजवून घेतात आणि स्वतः पुढे उभे राहतात, असे आपण पुष्कळदा पाहिले आहे.

इथे तसे घडत नाही. माहितीपटात ग्रीनवुड बहुतेक वेळ कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला दिसतो, केस चेहऱ्यावर, मांडीवर गिटार किंवा पुढ्यात संगणक. कॅमेरा मधोमध बसलेल्या कव्वालांभोवती आणि पितळी वाद्ये फुंकणाऱ्या बँडवाल्यांभोवती फिरतो. वीज जाते तेव्हा सगळे थांबतात, खोलीत शिरलेल्या कबुतराला हुसकावतात, आणि वीज आली की पुन्हा सुरू करतात. रचना शाय बेन त्झूरच्या आहेत, शब्द हिब्रू, उर्दू आणि हिंदीतले. शाय अनेक वर्षे भारतात राहून कव्वाली शिकला आहे. अल्बमवर नावे त्याचे, ग्रीनवुडचे आणि ‘राजस्थान एक्स्प्रेस’ या ताफ्याचे अशी तिघांची आहेत.

माझा आक्षेप एवढाच की सारंगीला आणखी मोकळी जागा हवी होती. पितळी वाद्ये आणि ड्रम मशीन यांच्या गर्दीत काही ठिकाणी ती बुजते.

खर्ज_परळ

अक्षता, सारंगीविषयीचा आक्षेप रास्त आहे. तरी ‘जुनून’मध्ये ग्रीनवुडने जे टाळले आहे त्याकडे लक्ष वेधतो. पाश्चात्त्य गिटारवादक आपल्या सुरावटीखाली पहिली गोष्ट करतो ती म्हणजे कॉर्ड बदलत राहणे. एकदा कॉर्ड बदलायला लागले की षड्ज हलतो, आणि षड्ज हलला की गायकाने लावलेला सूर आपला अर्थ हरवून बसतो. ग्रीनवुड इथे बास, गिटार आणि की-बोर्ड यांच्याकडून बहुतांशी लय आणि आधार एवढेच काम करून घेतो. शीर्षकगीत ऐकताना मधला गिटारचा तुकडा किती वेळा तोच तोच येतो ते पाहावे. चार-पाच सुरांत तो ठाण मांडून बसतो आणि वरचे गाणे त्याच्या आधाराने मोकळे फिरते. जो माणूस ‘जस्ट’मध्ये सप्तकांमागून सप्तके चढतो, त्याने इथे एवढ्यावर थांबावे, यात मला त्याची खरी तयारी दिसते.

शिवडी_लोकल

दोन शंका आहेत. ‘देअर विल बी ब्लड’ला ऑस्कर नामांकन का नव्हते? आणि अलीकडे त्याच्यावर जी टीका झाली तिच्याविषयी धाग्यात काहीच नाही, ते मुद्दाम आहे का?

खर्ज_परळ

पहिल्या शंकेचे उत्तर नियमांत आहे. त्या चित्रपटात ‘पॉपकॉर्न सुपरहेट रिसीव्हर’ आणि ‘बॉडीसाँग’मधले आधीचे संगीत बरेच वापरले होते आणि ऑस्करसाठी संगीत मुख्यतः त्या चित्रपटासाठीच लिहिलेले असावे लागते, म्हणून ते अपात्र ठरले. बर्लिन महोत्सवात २००८ मध्ये त्याच संगीताला रौप्य अस्वल हा पुरस्कार मिळाला. नामांकने पुढे ‘फँटम थ्रेड’ आणि २०२१ च्या ‘द पॉवर ऑफ द डॉग’साठी मिळाली. या दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी महासाथीमुळे वादकांना एकत्र आणणे अवघड होते, तेव्हा त्याने चेलो स्वतः हातात घेतला आणि गज बाजूला ठेवून बँजोप्रमाणे बोटांनी छेडला. चित्रपटात बँजो वाजवणारे पात्र आहे, त्यामुळे प्रेक्षकाला तो आवाज ओळखीचा वाटतो आणि त्याच वेळी कुठेतरी खटकतो. वाद्य ओळखता येऊ नये तरी अंगावर काटा यावा, हे त्याला इतक्या साध्या उपायाने साधले.

दुसरे. इस्रायली गायक डुडू टासा याच्याबरोबर त्याने २०२३ मध्ये अरबी गाण्यांचा अल्बम केला, ज्यात निरनिराळ्या देशांतले गायक दुसऱ्या देशांची गाणी गातात. गाझातील युद्ध सुरू असताना, २०२४ मध्ये, त्याने टासासोबत तेल अवीवमध्ये कार्यक्रम केला, त्यावर कठोर टीका झाली आणि २०२५ मध्ये दोघांचे ब्रिटनमधले कार्यक्रम रद्द करावे लागले. वेगवेगळ्या देशांच्या कलावंतांनी एकत्र काम करण्याचे त्याने समर्थन केले, टीकाकारांना ते पुरेसे वाटले नाही. दोन्ही बाजूंचे म्हणणे गंभीर आहे आणि त्यावर स्वतंत्र धागा निघायला हवा, चार ओळींत त्याला न्याय मिळणार नाही.

सोल्डरिंग_गन

गिटारपुरते बोलायचे तर एक प्रसंग राहून गेला. २०११ मध्ये क्राकोवमध्ये त्याने अमेरिकी संगीतकार स्टीव्ह राइशची ‘इलेक्ट्रिक काउंटरपॉइंट’ वाजवली. या रचनेत वादकाने गिटारचे अनेक थर आधी मुद्रित करून ठेवायचे आणि त्यांच्यावर शेवटचा थर प्रत्यक्ष वाजवायचा. ती मुळात १९८७ मध्ये जाझ गिटारवादक पॅट मेथेनीसाठी लिहिलेली. स्वतः राइश तिथे उपस्थित होता. ग्रीनवुडला ऐकून त्याने रेडिओहेडची गाणी ऐकायला घेतली आणि त्यांतल्या दोन गाण्यांवरून ‘रेडिओ रीराइट’ ही रचना लिहिली. ज्येष्ठ संगीतकाराची ओढ लागून तरुणाने शिकावे हे नेहमीचे. इथे तरुणाचे वादन ऐकून ज्येष्ठाने नवी रचना केली.

नवी_विद्यार्थिनी

मी दोन वर्षे गिटार शिकते आहे. शिक्षक नोटेशन शिकण्याचा आग्रह धरतात आणि मला कंटाळा येतो, कारण इंटरनेटवर टॅब मिळतातच. ग्रीनवुड ऐकायला सुरुवात कुठून करू आणि नोटेशन खरेच लागते का?

खर्ज_परळ

सुरुवात ‘इन रेनबोज’मधल्या ‘वीअर्ड फिशेस’ने कर. तीन गिटारी वेगवेगळे आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकामागून एक) वाजवतात आणि कोणतीही एक दुसरीच्या वर चढत नाही. हेडफोन लावून एका खेपेला एकाच गिटारीचा माग काढ, मग दुसरीचा. ते जमले की ‘हाऊ टू डिसअपिअर कम्प्लीटली’ घे आणि मागे धरून ठेवलेल्या विसंवादी सुराकडे लक्ष दे. गाणे कितीही गोड होत गेले तरी तो सूर त्याला सुखाने बसू देत नाही. नंतर ‘फँटम थ्रेड’चे संगीत चित्रपटाशिवाय ऐक.

नोटेशनविषयी तुझ्या शिक्षकांचे ऐकावेस असे मी म्हणेन. टॅब तुला बोट कुठे ठेवायचे ते सांगते, पण ती गिटारवाल्यालाच वाचता येते. ग्रीनवुड व्हायोलिनवाल्यांच्या खोलीत जाऊन आपल्या मनातले त्यांच्या पुढ्यात कागदावर ठेवू शकला, ते त्याने शाळेत व्हायोला वाजवताना वाचायला शिकून घेतले होते म्हणून. मुंबईत त्याची सोय पुष्कळ आहे. एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे हंगाम होतात. एखाद्या कार्यक्रमाला जाताना त्या रचनेचे नोटेशन मोबाइलवर उतरवून घे, जुन्या संगीतकारांचे ते मोफत मिळते. वाजण्यापूर्वी घरी दोन-चार पाने नुसती नजरेखालून घाल, व्हायोलाची ओळ कुठली ते शोधून ठेव आणि सभागृहात तेवढीच ओळ कानांनी धरण्याचा प्रयत्न कर. अडले तर इथेच विचार, मंद्रसप्तक ताई आणि मी दोघेही उत्तर देऊ.